वाढत्या पिल्लाला काय खायला घालावं : दूध-पोळी, उकडलेलं चिकन की पाकिटातलं खाणं?

प्रश्न नाशिकहून आला आहे. आठवड्यापूर्वी भर पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका स्कूटरखाली एकटंच ओरडत बसलेलं मांजरीचं पिल्लू ताईंनी घरात आणलं. मादी आहे, नाव ठेवलंय मनी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं ६५० ग्रॅम. घर शाकाहारी. सासूबाई म्हणतात, 'मांजर दूध-पोळीवरच वाढतं, आमच्या वाड्यात सगळी तशीच वाढली.' शेजारच्या वहिनी रोज वाटीभर उकडलेलं चिकन आणून देतात. दुकानदाराने मांजरांच्या खाण्याची मोठी पिशवी दिली, पण तिच्यावर 'एक वर्षावरील मांजरांसाठी' असं छापलंय. मनीला शी पातळ होते, पोट फुगलेलं दिसतं. ताई विचारतात : नेमकं काय घालू, किती घालू आणि किती दिवस?

ताई, मी गेली २२ वर्षं पुण्यात प्राण्यांचा दवाखाना चालवते आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत अशी पार्किंगमधली, गटाराच्या कडेची, गाडीच्या इंजिनातली पिल्लं माझ्याकडे जवळजवळ रोज येतात. तुम्ही विचारलेले तिन्ही प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आज काय करायचं ते. दूध-पोळी आजच बंद करा. दुकानदाराने दिलेली पिशवी फेकू नका. पिल्लांचं खाणं मिळेपर्यंत एक-दोन दिवस तेच कोमट पाण्यात भिजवून, बोटाने चिरडून द्या. दुधापेक्षा ते कितीतरी बरं. आणि उद्या तिला शीच्या नमुन्यासह जवळच्या डॉक्टरांकडे न्या. खाणं कितीही चांगलं निवडलं तरी पोटात जंत असतील तर ते आधी जंतांना मिळतं. पिल्लांना गोल जंत आईच्या दुधातूनच येतात. रस्त्यावरच्या आईचं पिल्लू म्हणजे जंत आहेत असंच धरून आम्ही चालतो. हातपाय काटक्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं टम्म, असं दिसलं की घरचे म्हणतात 'बाळसं धरलंय'. ते बाळसं नसतं. जंताचं औषध वजनावर ठरतं आणि या वयात दर दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं, म्हणून घरातल्या मुलांच्या औषधातलं चमचाभर अंदाजाने देऊ नका. ओघात आलंय म्हणून सांगते, अंग गरम लागलं तरी पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, आणि अर्ध्या गोळीनेही मोठं मांजर दगावू शकतं.

आता मनीचं वय. तोंड हळूच उघडून बघा. पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात आणि सहा ते आठ आठवड्यांत दुधाचे सगळे २६ दात पूर्ण होतात. मागच्या दाढा टोकदार दिसत असतील तर मनी सात-आठ आठवड्यांची आहे. त्या वयाचं धडधाकट पिल्लू साधारण ७०० ते ९०० ग्रॅम भरतं. जन्मताना ते शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि पुढे आठवड्याला जवळजवळ तेवढंच वाढत जातं. म्हणजे मनी थोडी मागे आहे, पण भरून निघणार नाही इतकी मागे नाही. दात आलेले आहेत, म्हणजे बाटलीची गरज नाही. (दात नसलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू सापडलं तर गोष्ट पूर्ण वेगळी. त्याला आधी ऊब द्यायची, मग मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर पोटावर पालथं ठेवून पाजायची. थंडगार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं.)

सासूबाईंचं म्हणणं मी खोटं म्हणणार नाही. वाड्यातली मांजरं दूध-पोळी खायची हे खरं आहे. पण ती दिवसभर कुठे असायची? कोठीच्या खोलीत, माळ्यावर, लाकडांच्या ढिगाऱ्यात. उंदीर, पाली, चिमणीची पिल्लं, नाकतोडे. एक उंदीर म्हणजे मांजरासाठी पूर्ण जेवण असतं : मांस आहे, हाडं आहेत, काळीज-यकृत आहे, पाणीसुद्धा आहे. संध्याकाळची दूध-पोळी हे वरचं काहीतरी होतं. आणि प्रत्येक विणीतली किती पिल्लं जगली हे कुणी मोजत नव्हतं. तुमची मनी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहे, खिडक्यांना जाळी आहे. तिला उंदीर मिळणार नाही. वाटीत पडेल तेवढंच तिचं जग.

दुधाबद्दल आणखी थोडं. आईचं दूध सुटायला लागलं की दुधातली साखर पचवण्याची पिल्लाची ताकद कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, तीच पातळ शी. शिवाय मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. म्हणजे वाटीभर दूध पिऊन पिल्लाचं पोट भरतं आणि जे हवं होतं ते अर्धंही मिळत नाही. त्यात पोळी कुस्करली की उरलीसुरली जागा पिठाने भरते. 'पण तिला दूध आवडतं' असं सगळे म्हणतात. तिला आवडते ती साय, स्निग्धता. मांजराला गोड चव कळतच नाही, ती चव ओळखणारं जनुक त्यांच्यात निकामी झालेलं आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. सासूबाईंचं मन मोडायचं नसेल तर मनी मोठी झाल्यावर, पोट ठीक असताना, चमचाभर घट्ट दही कधीमधी चालेल. जेवण म्हणून नाही.

आता चिकन. शाकाहारी घरातले लोक दुधावर चुकतात आणि मांसाहारी घरातले उकडलेल्या चिकनवर. दुसरी चूक जास्त घात करते, कारण ती करताना आपण पिल्लाचे किती लाड करतोय असं वाटत असतं.

काही वर्षांपूर्वी एक कुटुंब चार महिन्यांचा केशरी बोका भाजीच्या पिशवीत घालून घेऊन आलं. तक्रार अशी की हल्ली खेळत नाही, उचललं की ओरडतो, आणि काल पलंगावरून उडी मारल्यापासून मागचा एक पाय टेकत नाही. पलंग म्हणजे दीड फूट उंच. मी त्याला टेबलावर ठेवलं तेव्हा तो उभा राहिला, पण मागचे पाय फाकवून, कुल्ले खाली टेकवून, म्हातारा माणूस जिना उतरताना थांबतो तसा. अंगावरची लव तुकतुकीत होती, डोळे स्वच्छ, वजनही बरं. पाठीवरून बोट फिरवलं तर कमरेजवळ कणा किंचित आत दबलेला. एक्स-रे काढला. नेहमीच्या एक्स-रेमध्ये हाडं खडूसारखी पांढरी दिसतात. याची हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच करडी दिसत होती, कडेला पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक रेघ, बस्स. मांडीचं हाड ओल्या फांदीसारखं वाकून चिरलं होतं. मी विचारलं, खायला काय घालता? त्या घरातल्या आजी अभिमानाने म्हणाल्या, 'बाहेरचं काही नाही हो. रोज ताजं बोनलेस चिकन, मी स्वतः उकडून, बारीक करून घालते.'

त्या आजींच्या प्रेमात काहीच कमी नव्हतं. कमी होतं ते कॅल्शियम. १०० ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस असतो सुमारे २०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम १० ते १५. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसएवढं किंवा थोडं जास्तच लागतं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की हृदय चालू ठेवायला शरीर ते हाडांतून काढून घेतं. दोन-तीन महिन्यांत हाडं पोकळ होतात. तो बोका वाचला. सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवून फक्त पिल्लांचं पूर्ण खाणं दिल्यावर हाडं भरून आली. पण कमरेचं हाड वाकलेल्या अवस्थेत जुळलं, मार्ग अरुंद झाला, आणि त्याला शी करायला आयुष्यभर औषध लागतं. आजी त्या दिवशी दवाखान्यात रडल्या. मला तेव्हापासून 'आम्ही घरचंच घालतो' हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

वरून कॅल्शियमचं सिरप टाकून हे निभावत नाही, कारण माणसांच्या सिरपमध्ये ड जीवनसत्त्वही असतं आणि ते जास्त झालं तर मूत्रपिंडं दगावतात. शिवाय प्रश्न एकट्या कॅल्शियमचा नाही. टॉरीन नावाचं एक द्रव्य आहे. माणूस, कुत्रा हे ते आपल्या शरीरात बनवतात. मांजराला पुरेसं बनवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं, आणि ते फक्त प्राणिज पदार्थांत असतं. ते नसेल तर डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडत जातो. १९८७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की फुगलेल्या हृदयाने मरणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरीन कमी होतं आणि ते दिल्यावर हृदय पुन्हा सुधारत होतं. ती मांजरं पाकिटातलं खाणारीच होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरीन वाढवलं आणि तो आजार एकदम कमी झाला. उकडलेल्या चिकनचं पाणी आपण ओतून देतो तेव्हा त्यातलं बरंचसं टॉरीन त्या पाण्याबरोबर जातं. म्हणून शेजारच्या वहिनींना सांगा, रोज वाटीभर नको, आठवड्यातून दोनदा दोन घास द्या, मीठ-हळद-कांदा काही न घालता, आणि पाण्यासकट. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. कांदा-लसूण तर रश्शाच्या थेंबातूनही जाऊ देऊ नका, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

कोकणातले, मुंबईचे लोक मासे घालतात. शिजवलेल्या माशाचा काटे काढलेला घास अधूनमधून ठीक आहे. रोज कच्चे मासे नकोत. काही माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं आणि मग पिल्लू मान खाली वाकवून लटपटत चालायला लागतं. सुकट, सुके बोंबील यांत मीठ फार. रोज नुसती कलेजी घातली तर अ जीवनसत्त्व साचून मानेची हाडं एकमेकांना चिकटतात. अंडं द्यायचं तर उकडून. आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्या वाटीतलं मांजराला चालतं असं समजू नका. कुत्र्याच्या खाण्यात प्रथिनं कमी असतात आणि टॉरीन घालायचं बंधन नसतं.

एवढ्यावरून लक्षात आलं असेल की मी पाकिटातलं पिल्लांचं खाणं का सांगते. मला कुठल्या कंपनीचं कौतुक नाही. वाढीच्या काळात चाळीसेक घटक योग्य प्रमाणात रोज घालणं घरच्या ओट्यावर फार कठीण आहे. जनावरांच्या आहारशास्त्रात शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी त्या पिल्लासाठी ग्रॅममध्ये लिहून दिलेली पाककृती असेल आणि तुम्ही ती तंतोतंत पाळणार असाल, तर घरचं जरूर करा. इंटरनेटवरची पाककृती घेऊन नको.

पाकीट कसं निवडायचं? समोरचा फोटो, 'प्रीमियम', 'नॅचरल', 'ग्रेन फ्री' हे सगळं सोडून द्या आणि पाकीट उलटं करा. मागे बारीक अक्षरांत एक वाक्य शोधायचं : हे खाणं 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आहे आणि ते 'ग्रोथ' म्हणजे वाढीसाठी किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस' म्हणजे सर्व वयांसाठी आहे. बरोबर अमेरिकेच्या 'अ‍ॅफ्को' किंवा युरोपच्या 'फेडिआफ' या मानकांचा उल्लेख असेल तर उत्तम. 'कॉम्प्लिमेंटरी', 'ट्रीट', 'टॉपर' असं लिहिलेलं असेल तर ते तोंडी लावणं आहे. ती चाटायची क्रीमची नळकांडी आणि 'टूना इन जेली'चे काही डबे याच जातीचे. पिल्लू त्यावर जीव टाकतं, पण त्यावर वाढू शकत नाही. 'मेन्टेनन्स' किंवा 'अ‍ॅडल्ट' असेल तर ते मोठ्यांचं. तुमच्याकडची पिशवी तशी आहे. त्यात वाईट काही नाही, पण वाढीसाठी लागणारं कॅल्शियम आणि प्रथिनं त्यात कमी धरलेली असतात. जवळच एखादं भटकं मोठं मांजर असेल तर त्याला घाला.

मग आकड्यांकडे बघा, आणि इथे सगळे फसतात. कोरड्या खाण्याच्या पाकिटावर प्रथिनं ३४ टक्के लिहिलेली असतात, ओल्या पाऊचवर १०. लोक म्हणतात, पाऊच महाग आणि त्यात काहीच नाही. पण पाऊचमध्ये ८० टक्के पाणी आहे. पाणी बाजूला काढलं तर उरलेल्या २० भागांत १० भाग प्रथिनं, म्हणजे ५० टक्के. कोरड्यात पाणी १० टक्के, उरलेल्या ९० त ३४, म्हणजे ३८ च्या जवळ. तुलना करायची तर अशी, पाणी वजा करून. या हिशोबाने वाढत्या पिल्लाच्या खाण्यात प्रथिनं किमान ३० टक्के हवीत असं अ‍ॅफ्को सांगते. मी ३५ च्या वर असलेलं निवडायला सांगते. टॉरीन कोरड्यात किमान ०.१ टक्का आणि ओल्यात, याच हिशोबाने, ०.२ टक्का हवं. घटकांच्या यादीत वजनाप्रमाणे क्रम लागतो, तेव्हा पहिल्या एक-दोन नावांत मांस, चिकन मील (म्हणजे वाळवून दळलेलं चिकन) किंवा मासे असावेत. मका किंवा तांदूळ पहिलाच असेल तर मी ते पाकीट ठेवून देते.

आपल्याकडे रॉयल कॅनिन, व्हिस्कास, मी-ओ, ड्रूल्स अशा बऱ्याच नावांचं पिल्लांचं खाणं शहरातल्या दुकानांत मिळतं. महागडं म्हणजेच चांगलं असं नाही. जे तुम्हाला महिन्याच्या खर्चात बसेल आणि दर महिन्याला खंड न पडता मिळेल, ज्याच्या मागे ते वरचं वाक्य छापलेलं आहे, ते घ्या. पहिल्या महिन्यात हौसेने सगळ्यात महागडं आणून पुढच्या महिन्यात पुन्हा दूध-पोळीवर आलेली घरं मी खूप पाहिली आहेत. त्यापेक्षा मध्यम किमतीचं वर्षभर द्या.

कोरडं की ओलं? दोन्ही. मांजराचे पूर्वज वाळवंटी भागातले, तहान लागली तरी पाणी कमी पिणारे. नुसतं कोरडं खाणारी मांजरं, विशेषतः बोके, पुढे लघवीच्या त्रासाने माझ्याकडे येतात. ओल्यातून पाणी आपोआप जातं. कोरडं स्वस्त पडतं आणि तुम्ही कामावर असताना वाटीत टिकतं. तिसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं मला : पिल्लूपणी ज्या चवी आणि जो पोत तोंडात बसतो तोच मांजर पुढे जन्मभर मागतं. सहा महिन्यांपर्यंत फक्त कुरकुरीत खाल्लेल्या मांजराला दहाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजारात ओलं खायला लावणं म्हणजे घरातल्या सगळ्यांची परीक्षा असते. आत्ताच दोन्हीची सवय लावा.

किती? या वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला २०० कॅलरी किंवा थोड्या जास्त लागतात, मोठ्या मांजराच्या तिप्पट. मनी ६५० ग्रॅमची, म्हणजे १३० ते १५० कॅलरी. पिल्लांच्या कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला साधारण ४०० कॅलरी असतात, ८० ग्रॅमच्या पाऊचमध्ये ७० च्या आसपास. तेव्हा एक पाऊच आणि १५ ते २० ग्रॅम कोरडं, असा तिचा दिवस. तुमच्या पाकिटावरचे आकडे वेगळे असतील तर हाच हिशोब त्यांनी करा. काट्यावर मोजून सकाळीच एका डबीत काढून ठेवलं की दिवसभर कोणी किती घातलं यावर वाद होत नाहीत. हे चार वेळांत विभागा : सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री झोपताना. तिचं पोट अक्रोडाएवढं आहे, दोनदा भरपूर घातलं तर ते उलटून पडेल. चार महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन-तीन वेळा. वजन वाढेल तसं खाणं वाढवत न्या. या वयात पिल्लू मागत असेल तर द्या, वाढत्या पिल्लाला उपाशी ठेवून सडपातळ करायचं नसतं.

मात्र आज संध्याकाळी एकदम नवं खाणं भरून वाटी ठेवू नका. तिची शी आधीच पातळ आहे. पहिले दोन दिवस पिशवीतलं जे भिजवलेलं खाते त्यात पाव भाग पिल्लांचं नवं, मग अर्धं, मग पाऊण, असं आठवडाभरात बदला. फक्त दूध मात्र आजच थांबवायचं. कोरडं पहिले पंधरा दिवस कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्या. फ्रिजमधला पाऊच थंड देऊ नका, वाटी गरम पाण्यात दोन मिनिटं धरा. मांजर आधी नाकाने जेवतं, वास आला की तोंड लावतं. उष्ट्यात उरलेलं ओलं खाणं तासा-दीड तासाने टाकून द्या, उघडलेला पाऊच झाकून फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा.

पावसाळ्यात कोरड्या खाण्याची काळजी वेगळी. ते नरम पडतं, बुरशी धरतं, त्यातलं तेल खवट होतं. म्हणून दुकानात उघड्या पोत्यातून किलोवर तोलून मिळणारं घेऊ नका. त्यावर ना तारीख, ना ते मागचं वाक्य. एक किलोच्या आतलं पाकीट घ्या, तोंड घट्ट गुंडाळून पाकिटासकट स्टीलच्या डब्यात ठेवा, महिनाभरात संपवा. मुंग्या येतात तर वाटी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवा, आपण साखरेच्या डब्याला करतो तसंच. मुंग्यांची पावडर किंवा खडू जवळपास मारू नका. वाटी उथळ आणि रुंद असू द्या, मिशा कडेला घासल्या की काही पिल्लं अर्धं सोडून उठतात. पाण्याची वाटी खाण्यापासून लांब, आणि शीच्या ट्रेपासून त्याहून लांब.

आता शाकाहारी घराचा प्रश्न. तुम्ही तो संकोचून शेवटी लिहिलाय, पण तो मोठा आहे हे मला माहीत आहे. ज्या घरात अंडंही येत नाही तिथे मांसाचं पाकीट उघडायचं, ही साधी गोष्ट नाही. त्या भावनेचा मला मान आहे. पण मांजराच्या शरीराला निवड नाही. गाजरातून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते बनवता येत नाही, त्याला ते तयारच लागतं. अर्जिनिन नावाचं एक प्रथिनातलं द्रव्य एका जेवणात जरी अजिबात नसलं तरी रक्तात अमोनिया साचून मांजर आजारी पडतं. बाजारात शाकाहारी मांजर-खाणं म्हणून काही पाकिटं मिळतात. वाढत्या पिल्लावर मी तो प्रयोग करू देणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी शाकाहारी, जैन घरांनी यातून वाट काढली आहे. कोरडं खाणं बाल्कनीत किंवा बाथरूमजवळच्या कोपऱ्यात, वेगळी वाटी, वेगळा चमचा, धुवायला वेगळी घासणी. शिजवायचं काही नाही, स्वयंपाकघरात काही येत नाही. ओलं नकोच असेल तर कोरडंच पाण्यात भिजवून द्या, तेवढ्यावरही पिल्लू नीट वाढतं. आणि तेही घरात शक्य नसेल तर मनीसाठी दुसरं चांगलं घर शोधणं हाही प्रेमाचाच मार्ग आहे. सासूबाईंशी बोलताना हे सगळं सांगा. त्यांनी वाड्यात मांजरं सांभाळली आहेत, त्यांना पिल्लाचं दुखणं दिसतं.

किती दिवस? पिल्लांचं खाणं बारा महिन्यांपर्यंत. मध्ये पाच-सहा महिन्यांची झाली की तिची नसबंदी कराल. त्यानंतर भूक वाढते आणि गरज पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी होते, तेव्हा खाणं तेच ठेवा पण मोजून, मागेल तेवढं नाही. मेन कूनसारख्या मोठ्या जातीचं पिल्लू असतं तर मी पंधरा महिन्यांपर्यंत सांगितलं असतं, ती हळू भरतात. आपली गावठी वर्षात तयार होते.

तोवर दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, काट्यावर पातेलं ठेवून तिला त्यात बसवा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. या रविवारी ६५० असेल तर पुढच्या रविवारी ७३० ते ७५० दिसायला हवेत. दोन रविवार आकडा हलला नाही तर शी कशीही असो, डॉक्टरांकडे न्या. आणि ती बारा तास काहीच खात नसेल, उलट्या करत असेल, कोपऱ्यात मान टाकून बसली असेल, तर रविवारची वाट बघू नका. या वयात रक्तातली साखर भराभर उतरते, आणि लस न झालेल्या पिल्लात तो पॅनल्यूकोपेनियासारखा जीवघेणा आजारही असू शकतो. त्याच दिवशी, त्याच वेळी निघा. लसीबद्दल उद्या जंताचं औषध घ्यायला जाल तेव्हाच विचारून घ्या, तिचं लसीचं वय झालेलं आहे.